ठासणीच्या बंदुकीची प्रतिकृती आणि प्रामाण्याचा प्रश्न

जुन्या बंदुकीची प्रतिकृती कारागिराकडून हाताने घडवून घ्यावी, तीत दारू ठासावी आणि ती प्रत्यक्ष उडवून पाहावी, हा इतिहाससंशोधनाचा मार्ग पाश्चात्त्य देशांत बराच रुळला आहे. महाराष्ट्रात या मार्गाचा विचार करावयाचा झाल्यास प्रथम मावळ प्रांत डोळ्यांसमोर येतो. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरून पुण्याच्या रोखाने निघालेले मुंबईकर इंग्रजांचे सैन्य लोणावळे, कार्ले या मार्गाने ९ जानेवारी १७७९ रोजी तळेगावास पोहोचले. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून त्याने माघार घेतली आणि वडगाव येथे त्याला तह करावा लागला. या पट्ट्यात दोन प्रकारच्या बंदुका समोरासमोर आल्या. तेव्हा त्यांच्या प्रतिकृती करून त्या उडवून पाहाव्यात, ही कल्पना मोहक आहे. मात्र अशा प्रयोगातून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची छाननी प्रयोगाच्या आधी व्हावयास हवी.

इंग्रजी पलटणींची बंदूक चकमकीची होती. ‘ब्राऊन बेस’ या लौकिक नावाने ती ओळखली जाते. तिच्या नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच असे, आणि गोळी त्याहून किंचित लहान ठेवलेली असल्यामुळे ती लवकर भरता येई. मराठ्यांच्या बाजूस गारद्यांजवळ चकमकीच्या बंदुका होत्याच. परंतु देशी शिपायाचे नेहमीचे हत्यार म्हणजे तोड्याची बंदूक. तीत चाप ओढला की जळता तोडा कानातील रंजकेवर टेकतो आणि नळीतील दारू पेट घेते.

प्रतिकृतीच्या दृष्टीने या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. इंग्रजी बंदूक सरकारी नमुन्याबरहुकूम बनत असे, म्हणून तिची प्रतिकृती ही एका नमुन्याची प्रतिकृती होय. देशी बंदुकीच्या मागे असा एकच नमुना उभा नसे. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून लोहार नळी घडवी आणि ती कुंद्याला तारेने वा चामड्याच्या वादीने आवळली जाई. नळीचे माप बंदुकीगणिक बदले. त्यामुळे जिची गोळी तिलाच बसे. अशा बंदुकीची प्रतिकृती ही एका व्यक्तीची प्रतिकृती असते, जातीची नव्हे. भाषाभ्यासकास हा भेद परिचित आहे. प्रमाणभाषेचे व्याकरण हाती असते, तर बोली गावोगाव जाऊन ऐकावी लागते. तयार आराखडा मिळतो म्हणून इंग्रजी बंदूक करवून घ्यावयाची आणि तो मिळत नाही म्हणून तोड्याची बंदूक वगळावयाची, असे झाले तर वडगावच्या रणभूमीवर पुन्हा एकाच पक्षाचा आवाज ऐकू येईल. शिवाय एकाच देशी बंदुकीवरून साऱ्या मराठी फौजेविषयी निष्कर्ष काढणे हे एका वक्त्याच्या उच्चारावरून तालुक्याची बोली ठरविण्यासारखे होईल.

आराखडा नसला तरी साधन अगदीच नाही असे नव्हे. प्रतिकृती करविणारे संग्रहालयातील नग मोजतात. भाषेतील नग मात्र सहसा मोजले जात नाहीत. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव गज घालून दारू दाबण्याच्या क्रियेवरून पडले आणि ‘ठासून सांगणे’ या प्रयोगात त्याच क्रियेचा जोर आजही जाणवतो. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आता निष्फळ वल्गनेला लागतो. त्याच्या मुळाशी आवाज होऊनही काम न करणाऱ्या दारूचा अनुभव आहे. ‘चकमक’ हा तुर्की मूळ असलेला शब्द ठिणगी पाडणाऱ्या साधनालाही लागतो आणि लहानशा लढाईलाही. ‘दारू’ हा फारसीत औषधवाचक असलेला शब्द मराठीत मद्याला लागला, तसा स्फोटक चूर्णालाही. या शब्दांवरून नळीची लांबी कळणार नाही, हे खरे. परंतु बंदूक हाताळणाऱ्याच्या दृष्टीने तिचे कोणते अवयव आणि कोणत्या क्रिया महत्त्वाच्या होत्या, हे त्यांवरून कळते. भरणे आणि पेटविणे या दोन क्रियांभोवती हा सारा शब्दसंग्रह गोळा झाला आहे. म्हणून घडणावळीची वर्दी देणाऱ्याने नक्षीच्या आधी कान, रंजक आणि तोडा यांची चौकशी करावी.

प्रत्यक्ष बार उडविण्याच्या प्रयोगाविषयी येथे एका युरोपीय उदाहरणाचा उल्लेख करणे उचित ठरेल. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील शस्त्रागारातील अस्सल जुन्या बंदुका १९८८–८९ मध्ये उडवून पाहण्यात आल्या. त्या घट्ट बसवून विजेच्या साहाय्याने पेटविल्या होत्या. गोळीचा वेग आणि भेदनशक्ती यांची मोजमापे त्यामुळे विश्वसनीय झाली. पण जे मोजले गेले ते नळीचे सामर्थ्य होते. बंदूकधाऱ्याचा हात, श्वास आणि घाई या मोजमापात आली नाहीत. हातात धरून उडविलेली प्रतिकृती नेमकी ही उणीव भरून काढू शकते. तोड्याचा निखारा फुंकून जागता ठेवणे, जळत जाणारी दोरी पुढे सारीत राहणे आणि हे करीत असताना मोकळी दारू त्यापासून दूर राखणे यांस किती वेळ व किती अवधान लागते, हे केल्याविना समजत नाही.

तथापि प्रयोगाची परिस्थितीही प्रसंगाशी जुळावयास हवी. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील आषाढात तोडा विझला म्हणून तोड्याची बंदूक कुचकामाची होती, असे कोणी म्हणेल तर तो निष्कर्ष जानेवारीत घडलेल्या लढाईस लागू पडणार नाही. उलट, कोरड्या हवेत तोड्याची बंदूक चांगली चालली म्हणून मराठे जिंकले, असेही म्हणता येणार नाही. इंग्रजांची चाल मंद होती, त्यांच्याबरोबर हजारो बैलांचा तांडा होता, वाटेवरील प्रदेश उजाड करण्यात आला होता आणि महादजी शिंदे, हरिपंत फडके यांच्या फौजांनी त्यांना चहूकडून वेढले होते. भीवराव पानश्यांच्या तोफाही होत्या. या पराभवाचे कारण बंदुकीच्या नळीत शोधणे म्हणजे ग्रंथाचा अर्थ एका अक्षराच्या वळणात शोधणे होय. एक बार भरण्यास किती वेळ लागतो, याचे उत्तर प्रतिकृती देऊ शकते. तह का झाला, हे तिला विचारू नये.

यापुढील प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. हाताने ठोकून सांधलेली नळी फुटण्याची भीती असते. म्हणून सुज्ञ कारागीर आजच्या अखंड पोलादी नळीचा आग्रह धरील, आणि तो रास्तच आहे. कायद्याचे बंधनही आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार उडू शकणारी बंदूक, तिची घडण कितीही जुन्या धर्तीची असो, शस्त्रच ठरते आणि ती घडविण्यास व बाळगण्यास परवाना लागतो. जुन्या शस्त्रांना असलेली सूट, ती उडण्याजोगी उरलेली नसतील तरच मिळते. म्हणजे संग्रहालयातील अस्सल बंदूक उडत नाही आणि उडणारी बंदूक पूर्णतः अस्सल नसते. या पेचातून सुटका नाही. तो उघडपणे मांडणे मात्र संशोधकाच्या हाती आहे.

याचा आदर्श पुण्यातच उपलब्ध आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही त्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे आणि टाकलेले पाठभेद तळाशी नोंदलेले आहेत. वाचकाला संहिता मिळते, तशी तिच्यावरील शंकाही मिळते. बंदुकीच्या प्रतिकृतीलाही अशीच नागमोडी रेघ हवी. नळी कोणत्या धातूची, कानाचे छिद्र कोणत्या अस्सल नगावरून घेतले, दारूत शोरा, कोळसा व गंधक यांचे प्रमाण काय ठेवले, आणि कोठे केवळ अनुमानाने काम भागविले, याची नोंद प्रतिकृतीबरोबर असावी. ती नसेल तर उडालेला बार हा देखावा ठरेल, पुरावा ठरणार नाही.

मूळ वस्तू बदलते, यात दोष नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठी मुलुखाने ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवले. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी ‘इ’ घालून घेणे ही बोलीची रीतच आहे. नियम ठाऊक असल्यामुळे त्या नावावरून मूळ नावाकडे परत जाता येते. प्रतिकृतीची कसोटीही हीच असावी. तिच्यात बदल झाले असतील, तर त्या बदलांच्या वाटेने अभ्यासकाला मूळ बंदुकीकडे परत जाता आले पाहिजे.