जनुकाची अभिव्यक्ती वाढली म्हणजे संरक्षण वाढले का? माशांच्या श्लेष्मल प्रतिकारशक्तीवरील संशोधनाचे चिकित्सक वाचन

हातातला मासा निसटतो तो त्याच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे. त्वचा, कल्ले आणि आतडे यांवरील हा श्लेष्म म्हणजे रोगजंतूंविरुद्धची पहिली संरक्षक फळी होय.

मत्स्यशेतीतील माशांच्या श्लेष्मल प्रतिकारशक्तीवरील अनेक शोधनिबंधांची मांडणी एकाच साच्याची असते. काही आठवडे पूरक खाद्य दिले जाते. नंतर आतड्याच्या ऊतीतील म्युसिन, लायसोझाइम, आयजीटी इत्यादींच्या जनुकांचा संदेशक आरएनए क्यूपीसीआर पद्धतीने मोजला जातो. तो वाढलेला आढळला की ‘प्रतिकारशक्ती वाढली’ असा निष्कर्ष निघतो. आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे.

संदेशक आरएनए म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना. प्रथिन तयार होऊन श्लेष्मात पोहोचले की नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय ऊतीच्या तुकड्यात अनेक प्रकारच्या पेशी असतात. प्रतिकारक पेशी तेथे जमा झाल्या, तरी मोजमाप वाढते. आतड्याला दाह झाला असला, तरीही ते वाढू शकते. म्हणजे खाद्य अपायकारक असूनही आकडे आशादायक दिसतील.

याउलट रेनबो ट्राउटवरील आयजीटीचे संशोधन पाहावे. हे जनुक 2005 मध्ये ओळखले गेले. पण तेवढ्यावर त्याचे कार्य सिद्ध झाले नाही. झांग, सॅलिनास, सुन्येर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रत्यक्ष प्रतिपिंड मोजले. आतड्यातील परजीवीचा संसर्ग झाल्यावर त्याविरुद्धचे आयजीटी आतड्याच्या श्लेष्मात, तर आयजीएम मुख्यतः रक्तरसात आढळले. पुढे 2020 मध्ये आयजीटी निर्माण करणाऱ्या पेशी तात्पुरत्या काढून टाकल्यावर मासे परजीवीला अधिक बळी पडले आणि त्यांच्या कल्ल्यांवरील जीवाणूंचा समतोलही बिघडला. येथे निष्कर्षाला प्रयोगाचा भक्कम आधार आहे.

मात्र ट्राउटचा नियम सर्व माशांना लावता येत नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या चॅनल कॅटफिशमध्ये आयजीटीचे जनुकच आढळत नाही. तरीही त्याला श्लेष्मल संरक्षण आहे. म्हणून रोहू किंवा कटला यांच्याबाबतचे दावे त्याच जातीवर तपासले पाहिजेत.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ‘रोगप्रतिकारक’ खाद्यासाठी शेतकरी जादा पैसे मोजतो आणि त्याच्या तळ्यातील मासे वाचले की नाहीत, एवढाच त्याचा प्रश्न असतो. म्हणून असा शोधनिबंध वाचताना विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: प्रथिन मोजले आहे का, ऊतीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आहे का, आणि रोगजंतूंच्या संसर्गानंतर किती मासे जगले. ही माहिती नसेल, तर ‘जनुकाची अभिव्यक्ती वाढली’ एवढेच म्हणावे. संरक्षणाचा दावा करू नये.