हुदहुद : खाचरातले आणि रंगमंचावरचे

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरील कॉर्डिलेरा पर्वतराजीत राहणाऱ्या जमातींना एकत्रितपणे ‘इगोरोत’, म्हणजे डोंगरातील माणसे, असे संबोधले जाते. त्यांपैकी इफुगाओ लोकांनी डोंगरउतारांवर रचलेली भातखाचरे १९९५ साली जागतिक वारसा ठरली, तर त्यांच्या ‘हुदहुद’ या गेय आख्यानांचा युनेस्कोने २००१ साली गौरव केला. खाचरे पाहावयास प्रवासी येतातच. आता गाणेही त्यांना ऐकवावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. तो आम्हांस तपासून पाहावासा वाटतो.

हुदहुदची आख्याने दोनशेहून अधिक आहेत आणि एकेक पुरे व्हावयास दिवसचे दिवस लागतात. बहुधा एखादी वयस्क स्त्री ओळ उचलते व इतर जणी ती झेलतात. चाल सर्वत्र एकच. नायक अलिगुयोन आणि त्याचा शत्रू पुंबाखायोन हे तुल्यबळ वीर वर्षानुवर्षे लढतात; कोणीच हरत नाही. अखेर दोघे एकमेकांच्या बहिणींशी विवाह करतात आणि वैर सोयरिकीत विरघळते. हे कागदावर वाचताना पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. परंतु हे गाणे पेरणीचे, कापणीचे आणि मृताशेजारच्या जागरणाचे आहे. वाकून कापणी करणाऱ्या स्त्रियांना ती पुनरुक्ती श्वासासारखी साथ देते. आपल्या ओवीला जात्याची घरघर लागते, तसेच हे.

तेथील ‘तिनावोन’ या पारंपरिक भाताच्या नावाचा अर्थच ‘वर्षातून एकदा’ असा आहे. प्रवासी मात्र बारमाही. त्यांच्या सोयीसाठी आख्यानाचा अर्ध्या तासाचा तुकडा रंगमंचावर आणला, तर चाल उरेल, काव्य उरणार नाही. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या जत्रेत इगोरोतांना गर्दीपुढे मांडण्यात आले होते. पाहुणा आणि प्रेक्षक यांतील अंतर तेथे पुरते पुसले गेले.

येथे आम्हां धर्मगुरूंनी बोट केवळ पर्यटनाकडे दाखवू नये. कापणीच्या यांत्रिकीकरणाबरोबरच कॅथलिक धर्मस्वीकारानेही ही परंपरा क्षीण झाली, असे युनेस्कोनेच नमूद केले आहे. ते वाचून आम्ही अंतर्मुख झालो. फ्रान्सिस लांब्रेख्त या बेल्जियन मिशनरीने हुदहुद परिश्रमपूर्वक लिहून घेतले, हेही तितकेच खरे. परंतु लिहून ठेवणे म्हणजे गाते ठेवणे नव्हे.

मग पर्यटनाला दार बंद करावे काय? आमचे मत तसे नाही. २००१ साली धोक्यातील वारशांत गेलेली खाचरे २०१२ साली त्या यादीबाहेर आली. पण शेतकरीच उरला नाही तर दगडी बांध कोण सावरणार? पर्यटकाचा पैसा त्या बांधापर्यंत आणि कापणाऱ्या हातांपर्यंत पोहोचत असेल, तर तो स्वागतार्ह आहे. प्रवाशाने मात्र कापणीच्या दिवसांत यावे, बांधावर बसावे आणि गाणे सुरू झाले तर ऐकावे. ते मागवू नये.