‘होय’ कोणत्या रूपात सांगावे?

‘ही लोकल मुलुंडला थांबते का?’ या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरते. कोणी ‘फलाट क्रमांक ३’ असे सांगितले, तरी आपण त्याचा अर्थ ‘होय’ असाच घेतो. संगणकाच्या आज्ञावलीत असे होय-नाही सांगणाऱ्या फलनाला प्रेडिकेट म्हणतात. त्याचे उत्तर कोणत्या प्रकारचे असावे, याबद्दल सी प्लस प्लस भाषेच्या प्रमाणकाने घेतलेली भूमिका तपासून पाहण्याजोगी आहे.

अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची एसटीएल ही लायब्ररी १९९४ मध्ये या भाषेच्या मसुद्यात स्वीकारली गेली. शोधण्याची, मोजण्याची, क्रम लावण्याची रीत एकदाच लिहायची आणि ती अंकांना, नावांना, गाड्यांना सारखीच लागू करायची, हे तिचे मर्म. कसोटी मात्र वापरणाऱ्याने द्यायची. १९९८ च्या प्रमाणकाने या कसोटीकडून एवढेच मागितले, की तिचे उत्तर ‘खरे’ म्हणून तपासता यावे. ते ‘बूल’ प्रकाराचेच हवे, अशी सक्ती केली नाही.

या उदारपणाला कारण होते. सी भाषेतील जुनी फलने ‘होय’ऐवजी शून्येतर पूर्णांक देत. ती टाकून देणे परवडणारे नव्हते. आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरलेल्या टर्बो सी प्लस प्लसमध्ये तर ‘बूल’ हा प्रकारच नव्हता.

पण किंमत मोजावी लागतेच. फलाट ३ हे उत्तर ‘खरे’शी बरोबर आहे का, असे विचारले, तर संगणक ‘खरे’चा १ करतो आणि ३ व १ यांची तुलना करून ‘नाही’ म्हणतो! याहून गंभीर चूक गुणवत्ता यादीत होते. दोन विद्यार्थ्यांची तुलना करून −१, ० किंवा १ देणारे फलन क्रम लावताना दिले, तर संकलक बहुधा हरकत घेत नाही. −१ आणि १ दोन्ही शून्येतर, म्हणून दोन्ही ‘खरे’. मग ‘अ’ हा ‘ब’च्या आधी आणि ‘ब’ हा ‘अ’च्याही आधी ठरतो. अशा यादीची हमी कोण देणार?

२०२० च्या प्रमाणकाने अट नेमकी केली. उत्तराला नकार आणि ‘आणि’, ‘किंवा’ या क्रियाही नीट लागू पडाव्यात, असे सांगितले. तरी पूर्णांक चालतोच. जावाने मात्र आरंभापासून अटीच्या जागी बूलियनच मागितले. मला ती शिस्त अधिक पसंत आहे.

अर्थात, प्रकार नेमका असला म्हणजे तर्क बिनचूक झाला, असे नव्हे. ‘कमी’ऐवजी ‘कमी किंवा समान’ लिहिले, तरी उत्तर बूलच येते; पण समान गुणांचे दोघे एकमेकांच्या आधी ठरतात. म्हणून वर्गात दोन प्रश्न वेगळे विचारावेत: उत्तर होय-नाहीच आहे ना? आणि अदलाबदल केली, तर ते विसंगत होत नाही ना? पहिला प्रश्न संकलकावर सोपवता येतो. दुसरा आपल्यालाच सोडवावा लागतो.