भार नाही, तरी प्रतिबल आहे

स्थितिस्थापकतेचा पाठ बहुतेक पाठ्यपुस्तकांत एकाच वाटेने जातो. छताला टांगलेली तार, तिच्या टोकाला वजन, मग ‘प्रतिबल म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ’ हे सूत्र आणि शेवटी हुकचा नियम. यात चुकीचे काही नाही. पण विद्यार्थ्याची समजूत होते, की वजन काढले की प्रतिबल संपले. नुसत्या पडून असलेल्या वस्तूत ते असूच शकत नाही. पाठाचा दोष या न लिहिलेल्या वाक्यात आहे.

हे वाक्य खोडायला खानदेशातल्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही. धुळे-जळगावच्या खेड्यांत लाकडी चाकांची एखादी जुनी बैलगाडी अजून सापडते. तिची लोखंडी धाव चाकापेक्षा किंचित लहान घेराची करतात, तापवून चढवतात आणि वर पाणी ओततात. 120 सेंमी व्यासाची धाव 500 अंश सेल्सियसने तापली, तर तिचा घेर सुमारे सव्वादोन सेंमी वाढतो. निवताना तिला मूळ मापावर यायचे असते. लाकूड येऊ देत नाही. गाडी रिकामी उभी असली, तरी धाव ताणलेली आणि लाकूड दाबलेले राहते. दोन्ही बले एकमेकांना तोलतात, म्हणून बाहेरून काही दिसत नाही.

एकाच धातूच्या तुकड्यातही असे घडते. ओतकाम किंवा वेल्डिंगनंतर सर्व भाग एकाच वेळी थंड होत नाहीत आणि ओढाताण आत कोंडून राहते. तिला ‘अवशिष्ट प्रतिबल’ म्हणतात. हा शब्दही थोडा फसवा आहे. अवशिष्ट म्हणजे उरलेसुरले, किरकोळ असे वाटते. प्रत्यक्षात वेल्डिंगच्या सांध्याजवळ ते पोलाद कायमचे वाकू लागण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचू शकते. त्यावर बाहेरचा भार आला, की सांधा हिशेबापेक्षा आधीच तडकण्याचा धोका असतो.

मग ते ओळखायचे कसे? धाव करवतीने कापली तर फट उघडेल, आणि फटीवरून ताण किती होता याचा अंदाज येईल. पूल किंवा बॉयलर मात्र कापता येत नाही. म्हणून योझेफ माथार यांनी 1934 मध्ये लहान भोक पाडण्याची पद्धत मांडली. आज साधारण 2 मिमी व्यासाचे भोक पाडतात. भोकाची कड मोकळी होते, तिथला पदार्थ शेजाऱ्याला ओढू शकत नाही, आणि आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित सरकतो. भोकाभोवती आधीच चिकटवलेल्या तीन विकृतीमापक पट्ट्या हे सरकणे टिपतात. तीनच का? दोन मुख्य प्रतिबले आणि त्यांची दिशा अशा तीन अज्ञात राशी आहेत. त्यांना तीन समीकरणे हवीत.

या पद्धतीची लोकप्रिय वर्णने ‘प्रतिबल मोजले’ असे सांगून थांबतात. तेही सैल आहे. मोजली जाते ती विकृती. प्रतिबल यंगच्या गुणांकावरून काढले जाते. भोक उथळ असल्याने उत्तर पृष्ठभागालगतचेच मिळते. ड्रिल बोथट असेल तर ते स्वतःच नवे प्रतिबल निर्माण करते. प्रतिबल फार मोठे असेल तर भोकाच्या कडेचा धातू कायमचा विरूपित होतो आणि गणित बिघडते. या मर्यादा वगळल्या, तर विद्यार्थ्याला यंत्राचा आकडा कळतो, विज्ञान कळत नाही.

वर्गात हे तत्त्व दाखवायला पट्ट्या नकोत. ज्या पाइपांमुळे जळगावचे नाव झाले, त्या पीव्हीसी पाइपचा वीतभर नवा तुकडा घ्या. त्याच्या लांबीला समांतर, 20 मिमी अंतरावर दोन रेघा ओढा. मधोमध करवतीने तुकडा उभा चिरा. हे काम शिक्षकांनीच करावे. रेघांमधले अंतर करवतीच्या जाडीहूनही जास्त घटलेले दिसेल. कारखान्यात पाइप बाहेरून थंड केला जातो. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसू पाहतो आणि ताणलेला राहतो. चीर पडताच पाइप मिटतो. फार दिवस उन्हात पडलेल्या पाइपात हा परिणाम कमी दिसेल. प्लास्टिक हळूहळू सैलावते. म्हणून तुकडा नवा घ्यावा.

हा प्रयोग तारेच्या आधी करावा, नंतर नव्हे. ‘या पाइपला कोणी ओढले होते?’ या प्रश्नावर वर्ग अडला, की प्रतिबलाच्या व्याख्येतला ‘अंतर्गत’ हा शब्द पहिल्यांदा अर्थाने वाचला जाईल.