‘घरची परिस्थिती’ आणि मानसशास्त्राचं पुस्तक

मानसशास्त्राच्या सर्टिफिकेट कोर्सचं पुस्तक कुणी साहित्य म्हणून वाचत नाही. परीक्षेपुरतं वाचायचं, पिवळा हायलायटर फिरवायचा आणि निकाल लागला की पीडीएफ फोनमधून उडवायची, असा रिवाज आहे. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा परीक्षेसाठी. दुसऱ्यांदा कादंबरी वाचावी तसं, म्हणजे गोष्ट कोण सांगतंय, कुणाची सांगतंय आणि कुठलं पान गाळतंय हे बघत. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाबद्दल आहे.

आधी कोर्सबद्दल थोडं. एका विद्यापीठाचा, नोकरी करणाऱ्यांसाठीचा, वर्षभराचा. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी तास. वर्गात बँकेतले एक काका, एचआरमधल्या दोघी, एक निवृत्त नर्स, महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई, स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा, असे सगळे. कुणाला करिअर बदलायचं होतं, कुणाला स्वतःच्या घराचं कोडं सोडवायचं होतं. फॉर्मवर कारण म्हणून मात्र बहुतेकांनी ‘आवड’ एवढंच लिहिलं होतं.

पुस्तकात नेहमीचे मानकरी हजर आहेत. पावलॉव्हचा कुत्रा, वॉटसनचा छोटा अल्बर्ट, मिलग्रॅमचं शॉकचं यंत्र, झिम्बार्डोचा तुरुंग आणि मार्शमेलो. प्रत्येकाला दीड पान, एक चौकट आणि शेवटी तात्पर्य. रचना इसापनीतीची आहे: एकदा एका शास्त्रज्ञाने असं केलं, म्हणून माणूस असा असतो. वाचायला मजा येते, पाठही पटकन होतं. यातली मी एकच गोष्ट इथे घेते, मार्शमेलोची. कारण ती तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिली असणार.

पुस्तकातली गोष्ट अशी. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक गोड खाऊ ठेवला. सांगितलं, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. काही मुलं थांबली, काहींना धीर धरवला नाही. पुढे थांबलेली मुलं अभ्यासात सरस निघाली. तात्पर्य: आत्मसंयम हा यशाचा पाया. आमच्या नोट्समध्ये हे ‘व्यक्तिमत्त्व’ या प्रकरणात येतं, आणि परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न हमखास असतो.

आता गाळलेली पानं. हे प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी शाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. कुठलं मूल गुणी आणि कुठलं अधाशी, हे शोधायला ते निघाले नव्हते. थांबणं कशामुळे सोपं होतं आणि कशामुळे अवघड, हे त्यांना बघायचं होतं. १९७०च्या शोधनिबंधात त्यांचा निष्कर्ष असा की खाऊ डोळ्यांसमोर ठेवला तर मुलं सरासरी मिनिटभर थांबली आणि झाकून ठेवला तर अकरा मिनिटांच्या आसपास. तशीच मुलं, तसाच खाऊ. फरक झाकणाचा. म्हणजे मूळ प्रयोग परिस्थितीबद्दल होता.

त्याहून गंमत पुढे आहे. याच मिशेल यांनी १९६८ साली ‘पर्सनॅलिटी अँड असेसमेंट’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात खळबळ उडवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चाचणीतून काढलेल्या ‘गुणा’वरून माणूस अमुक प्रसंगी कसा वागेल याचा अंदाज फार तोकडा येतो, कारण प्रसंग बदलला की वागणंही बदलतं. ज्याने व्यक्तिमत्त्वाच्या लेबलांवर हयातभर शंका घेतली, त्याचाच प्रयोग आमच्या पुस्तकात लेबल म्हणून छापलाय. ते १९६८चं पुस्तक नोट्समध्ये एका ओळीतही नाही.

थांबलेली मुलं पुढे सरस निघाली, हा भाग मिशेल यांच्याच नंतरच्या पाहणीतला. पण त्यातले परीक्षेतल्या गुणांचे आकडे शंभराहून कमी मुलांचे होते, आणि तीही एका नामांकित विद्यापीठाच्या आवारातल्या शाळेत जाणारी. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला. या वेळी ज्यांच्या आया कॉलेजची पदवी न घेतलेल्या होत्या अशा मुलांवर विशेष भर होता. संबंध निघाला, पण मूळ आकड्याच्या निम्माच. घरचं वातावरण, आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न अशा गोष्टी हिशोबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरला.

आणखी एक प्रयोग २०१३चा. किड आणि सहकाऱ्यांनी मार्शमेलो ठेवण्याआधी मुलांना मोठ्या माणसाचा अनुभव दिला. एका गटाला सांगितलं, थांब, चांगले खडू आणते, आणि खरंच आणले. दुसऱ्या गटाला तेच सांगितलं आणि रिकाम्या हाताने परत येऊन सॉरी म्हटलं. मग मार्शमेलो. पहिल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, दुसऱ्यातली तीन. मुलं फक्त २८ होती, त्यामुळे यावरही मोठी इमारत बांधू नये. पण प्रश्न रास्त आहे. ज्याला शब्द पाळणारी माणसं भेटलीच नाहीत, त्याने थांबावं तरी कशाच्या भरवशावर?

या सगळ्याला मराठीत एक शब्द आधीपासून आहे: परिस्थिती. मराठीत ‘त्याची परिस्थिती नव्हती’ असं नुसतं म्हटलं तरी पैसे नव्हते हे कळतं. ‘घरची परिस्थिती’ म्हटलं की कर्ज, आजारपण, वडिलांचं सुटलेलं काम हे सगळं न बोलता आत येतं. आपल्याकडे ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हणही आहे, म्हणजे माणसावर शिक्का मारून मोकळं व्हायची सोय आपणही करून ठेवली आहे. पण त्याच तोंडाने आपण ‘परिस्थितीने शिकवलं’ असंही म्हणतो. आमच्या पुस्तकाने यातली फक्त म्हण उचलली.

हे पुस्तकाला माहीत नाही असंही नाही. चार प्रकरणं पुढे, सामाजिक मानसशास्त्रात, ‘फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर’ शिकवतात. हे नाव ली रॉस यांनी १९७७ साली दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे काणाडोळा करतो, अशी ती चूक. शेजारी उशिरा आला तर तो बेशिस्त, मी उशिरा आले तर लोकल लेट. म्हणजे एका प्रकरणात जी चूक करू नका म्हणून सांगितलंय, तीच चूक आधीच्या प्रकरणात चौकटीत घालून पाठ करायला दिली आहे. दोन प्रकरणं एकमेकांशी बोलत नाहीत. संपादन कुणी केलं असेल असं वाटत नाही.

शिवाय ही चूक सगळ्या जगाची म्हणून शिकवली जाते. १९८४ साली जोन मिलर यांनी शिकागोतल्या आणि आपल्या म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्या माणसांची बरीवाईट कृत्यं सांगायला लावली आणि ‘असं का केलं?’ विचारलं. शिकागोतले प्रौढ स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरचे नातं, जबाबदारी आणि प्रसंग सांगत. लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर तो वाढत गेला. म्हणजे माणसाकडे असं बघणं आपण मोठं होताना आजूबाजूच्यांकडून उचलतो. एवढा जवळचा पुरावा असताना आमच्या नोट्समध्ये म्हैसूर नाही. आर्नेट यांनी २००८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या सहा प्रमुख नियतकालिकांची मोजदाद मांडली होती. २००३ ते २००७ या काळात त्यांतल्या संशोधनात भाग घेतलेली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती. उरलेलं जग परीक्षेत ‘लघु टीप’ म्हणूनही येत नाही.

हे सगळं पुस्तकी भांडण वाटेल. तसं ते नाही. आमच्यातल्या महापालिकेच्या शाळेतल्या बाईंनी केस रिपोर्टसाठी त्यांच्याच वर्गातला एक मुलगा निवडला होता. पोषण आहाराच्या रांगेत तो थांबत नाही, मध्येच घुसतो, ढकलाढकली करतो. रिपोर्टमध्ये ‘आत्मसंयम कमी’ असं लिहून मार्शमेलोचा दाखला दिला की पूर्ण गुण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या सुट्टीत बाई म्हणाल्या, “अहो, पण मागे उभं राहिलं की खिचडी तळाची मिळते. त्याची आई पहाटेच कामाला जाते, तो सकाळपासून उपाशी असतो. मी काय लिहू?” त्यांनी शेवटी दोन्ही लिहिलं. रिपोर्ट दोन पानांनी लांबला आणि ‘विषयांतर’ म्हणून दोन मार्क कापले गेले. असं विषयांतर जिथे कापलं जातं, तिथे पुढच्या बॅचच्या शिक्षिका काय लिहायला शिकतील हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही.

दुसरीकडे आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिसऱ्या महिन्यापर्यंत कुणाची सासू नार्सिसिस्ट झाली होती, कुणाचा बॉस टॉक्सिक, कुणाचा एक्स अ‍ॅव्हॉइडंट. नाव सापडलं की उलगडा झाल्यासारखं वाटतं आणि विचारणं थांबतं. सासू अशी का झाली, तिला या घरात कधी काही ठरवायला मिळालं का, हे मग कोण विचारणार?

अर्थात नाव देणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. वर्गातल्या एकीच्या भावाला घरचे कित्येक वर्षं ‘आळशी’ म्हणत होते. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, उपचार सुरू झाले, घरातली भाषा बदलली. तिथे नावाने दार उघडलं. फरक ओळखायला सोपी खूण आहे. नाव मिळाल्यावर त्या माणसासाठी काही करता येतंय का, की फक्त त्याच्याबद्दल बोलता येतंय? शिवाय आजाराचं निदान करणं हे काम वेगळ्या शिक्षणाचं आहे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. वीकेंडच्या सर्टिफिकेटने ती मिळत नाही. पहिल्याच तासाला हे सांगायला हवं.

पुस्तकाच्या बाजूला ठेवून मी ‘कासव’ पुन्हा पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट, २०१६च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला. त्यातली जानकी एका खचलेल्या अनोळखी तरुणाला कोकणातल्या घरी आणते. ती स्वतःही मनाच्या दुखण्यातून गेलेली. त्याला प्रश्नांनी भंडावत नाही. जेवण, झोप, समुद्र आणि आजूबाजूला चार माणसं एवढं त्याला मिळतं. आमच्या नोट्सच्या भाषेत सांगायचं तर ती त्याची परिस्थिती बदलते. चित्रपट म्हणून तो कुठेकुठे जास्तच सौम्य आहे. अशी जानकी, असं घर किती जणांच्या वाट्याला येणार, हा प्रश्न तो टाळतो. तरीही थांबायला जागा आणि भरवशाचं माणूस मिळालं तर काय होऊ शकतं, हे त्याला आमच्या ‘व्यक्तिमत्त्व’ प्रकरणापेक्षा जास्त कळलंय.

कोर्स करावा का, असं मला बरेच जण विचारतात. जरूर करा. फी फार नसते, वर्गातली माणसं पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात, आणि शंका घ्यायची सवय याच विषयाने लावलेली आहे. जुने निष्कर्ष उलटे तपासणारी ही सगळी मंडळी मानसशास्त्रज्ञच आहेत. फक्त प्रत्येक चौकटीशेजारी पेन्सिलने चार प्रश्न लिहा. माणसं किती होती? कुठली होती? पुन्हा कुणी करून पाहिलं का? आणि त्यांची परिस्थिती काय होती? चौथ्याचं उत्तर पुस्तकात बहुधा सापडणार नाही. ते वर्गात मोठ्याने विचारा.