धाबं पाडायचं की ठेवायचं? एका अहवालाचं वाचन

खानदेशात, अगदी जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या नशिराबादसारख्या गावातही, एक प्रश्न घरोघरी निघतो. खळ्यातलं जुनं धाबं, जिथे ढोरं आणि कडबा असायचा, त्याचं राहतं घर करायचं का? की सागवान विकून स्लॅब टाकायचा?

असा प्रश्न संशोधक म्हणून हाती घेतला, तर आधी काय वाचाल? धाब्यासारख्या बांधणीवर आकड्यांनिशी लिहिलेलं साहित्य मुख्यतः भूकंपानंतर आलं. म्हणून मी आयआयटी मुंबईचे रवी सिन्हा सहलेखक असलेला अहवाल निवडला. ‘वर्ल्ड हाउसिंग एन्सायक्लोपीडिया’साठी लिहिलेला हा अहवाल मराठवाड्यातल्या खणांच्या घरांवर आहे: आत लाकडी खांब-तुळया, बाहेर जाड दगडी भिंती, वर मातीचं छप्पर. पार्श्वभूमी 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाची, ज्यात सुमारे 8 हजार माणसं गेली.

अहवालाची ताकद एका गोष्टीत आहे: तो सांगाडा आणि भिंत वेगवेगळी वाचतो. लाकडी सांगाड्याच्या घरांत नुकसान मुख्यतः जाड दगडी भिंती ढासळल्यामुळे झालं, असं तो नोंदवतो. म्हणजे ‘जुनं घर पडलं’ हे वाक्य अपुरं आहे. काय पडलं आणि काय उभं राहिलं, हे विचारायला हवं. खानदेशालाही हा प्रश्न परका नाही. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात 6 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला होता.

आता माझा आक्षेप. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून छतावर माती घालतात, हे अहवाल नोंदवतो, पण पुढे ती मुख्यतः ओझं म्हणूनच येते. भूकंपासाठी ते बरोबरच आहे. पण मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना तीच माती घर राहण्यासारखं ठेवते, आणि किती मातीने, हे गणित तिथे येत नाही. अहवालाचा तो हेतू नव्हता, मान्य. पण वाचणारा ‘माती धोकादायक’ एवढंच उचलतो आणि वर पत्रे ठोकतो.

दोन्ही बाजू एकत्र मांडून बघू. अडीच मीटर बाजूचा एक खण, 45 सेंमी माती, घनता घनमीटरला 1600 किलो धरा. वजन साडेचार टन. आता उष्णता. कोरड्या मातीत दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार साधारण दर 12 सेंमीला 37 टक्क्यांवर येतो. म्हणजे 45 सेंमीखाली जेमतेम 2 टक्के उरतो, 30 सेंमीखाली 8 टक्के आणि 15 सेंमीखाली 29 टक्के.

गंमत बघा: 45 चे 30 सेंमी केले, तर प्रत्येक खणावरचं दीड टन ओझं उतरतं आणि थंडावा जवळपास तसाच राहतो. 15 सेंमीवर आणलं की मात्र घर तापायला लागतं. याचा अर्थ प्रश्न ‘माती हवी की नको’ असा नाहीच, ‘किती’ असा आहे. (हे साधं गणित आहे. सरासरी तापमान, ओल आणि भिंतीतून येणारी उष्णता यात धरलेली नाही. तुमचा प्रबंध तिथूनच सुरू होऊ शकतो.)

दुसरी मर्यादा स्वरूपातच आहे. विश्वकोश प्रकार सांगतो, तुमची इमारत सांगत नाही. खांबाच्या बुडाला वाळवी आहे का, तुळईचा सांधा ढिला झालाय का, भिंतीत आरपार दगड आहेत का, हे टोचून-ठोकूनच कळतं. गोठ्याचं घर करताना न्हाणीघर आलं की खांबाच्या बुडाशी ओल येणार, हा नवा धोका जुन्या वर्गवारीत सापडणार नाही.

तरीही अहवाल वाचाच. फक्त वाचताना समासात एक प्रश्न लिहून ठेवा: यांनी काय मोजलं नाही? घरच्यांनी सागवानाचा सौदा ठरवण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हातात असायला हवं. एकदा खण मोडले की ते मोजायला काही उरत नाही.