सदोमचा न्याय आणि नीतिमानांवरील दया : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना : हिब्रू धर्मग्रंथांतील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम सदोम नगरासाठी परमेश्वरापुढे रदबदली करतो. प्रस्तुत लेखात या संवादाचा विचार न्यायकल्पनेच्या अंगाने केला आहे.

विवेचन : दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश करणे जगाच्या न्यायाधीशाला शोभत नाही, हा अब्राहामाचा मूळ आक्षेप आहे. तथापि नीतिमानांना वेगळे काढावे, अशी त्याची मागणी नाही. त्यांच्याखातर तो संपूर्ण नगरासाठी क्षमा मागतो. ५० नीतिमानांपासून सुरू झालेली ही घासाघीस १० वर थांबते. १९ व्या अध्यायात मात्र नगर भस्मसात होते आणि लोट व त्याचे कुटुंबीय यांनाच बाहेर काढले जाते. मागणी सामूहिक क्षमेची होती, मिळाली ती मोजक्यांची सुटका. विशेष म्हणजे लोट नीतिमान होता म्हणून वाचला, असे ही कथा म्हणत नाही. परमेश्वराची दया आणि त्याने केलेले अब्राहामाचे स्मरण हीच कारणे ती नोंदवते.

पुढील ग्रंथांतही हा प्रश्न मिटत नाही. यिर्मयाच्या ५ व्या अध्यायात एका न्यायी माणसाखातर यरुशलेमेला क्षमा करण्याची तयारी दिसते. यहेज्केलाच्या १४ व्या अध्यायात मात्र नोहा, दानीएल व ईयोब यांची नीतिमत्ता केवळ त्यांचाच जीव वाचवू शकते.

निष्कर्ष : एकाची नीतिमत्ता इतरांना तारते काय, याचे एकच उत्तर हे ग्रंथ देत नाहीत. परंतु परमेश्वराला जाब विचारणाऱ्या अब्राहामाला ते दोषीही ठरवीत नाहीत. न्यायाविषयी प्रश्न करण्याचा अधिकार येथे श्रद्धेच्या कक्षेतच मान्य झालेला आहे.